एक जूनची माणसं

बेकरीवाल्याने यंदाही विचारलं होतं, केकवर नाव काय लिहू. संभाजीने यंदाही तेच उत्तर दिलं होतं, नाव नको, 'एक जून' लिहा. येरवड्याच्या त्या बेकरीत आता हे सगळ्यांना पाठ झालं होतं, तरी दरवर्षी एखादा नवा पोऱ्या तोंडात बोट घालायचाच.

खराडीच्या या घरात चार माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. हेमाचे सासरे गेनबा, सासूबाई सोजरबाई, नवरा संभाजी आणि वाघोलीला दिलेली नणंद शालू. चौघांनाही आपण कधी जन्मलो ते ठाऊक नव्हतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, घरच्यांनी कुणी पूर सांगितला, कुणी जत्रा सांगितली, आणि गुरुजींनी वैतागून सगळ्यांपुढे एक जून लिहून टाकलं. हेमा लग्न होऊन शनिवार पेठेतून इथे आली तेव्हा पहिल्याच वर्षी तिला हे कळलं आणि ती पोट धरून हसली. केकची टूम तिचीच. चेष्टा म्हणून सुरू केली आणि अकरा वर्षांत तो घरातला सण होऊन बसला. आमरस, कुरडया, संध्याकाळी चार वाजता केक. चौघांनी सुरीला हात लावायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

यंदा मात्र केक टेबलावर पडून होता आणि टाळ्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कारण यंदा हेमाचे वडील आले होते.

श्रीधरपंत अकरा वर्षांत एकदाही एक जूनला या घरी आले नव्हते. दरवर्षी बोलावणं जायचं आणि दरवर्षी काहीतरी कारण यायचं. कधी उन्हाचा त्रास, कधी नळाला पाणी यायची वेळ. हेमाला वाटायचं, अण्णांना हा प्रकार गावंढळ वाटत असणार. अडतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली, शेवटी हेडक्लार्क झाले. ज्यांच्या टेबलावरून खाडाखोड केलेला कागद कधी पुढे सरकला नाही, त्यांना चौघांची मिळून एक जन्मतारीख कशी पचावी? आज ते मनपाची बस धरून आले होते ते केकसाठी नव्हेच. बगलेत निळी फाइल होती. आत आल्याआल्या त्यांनी केककडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "केकवर जन्मतारीख घालतात हे प्रथमच पाहिलं. जागा उरलीय, जन्मस्थळही घालून घ्या."

गेनबा मोठ्याने हसले. त्यांना इवायांचा, म्हणजे व्याह्यांचा हा तिरकसपणा मनापासून आवडायचा. समजायचा निम्माच, पण आवडायचा.

प्रश्न हेमाच्या लेकीच्या, आनंदीच्या पाचवीचा होता. पोरगी गावातल्या शाळेत चौथी पास झाली होती, पहिल्या नंबराने. ही शाळा आधी झेडपीची. गाव दोन वर्षांपूर्वी महापालिकेत गेलं आणि शाळेची पाटी बदलली, बाकी भिंती त्याच. सातवीपर्यंत वर्ग होते, पण पाचवी आणि सहावी एकाच खोलीत, एकाच गुरुजींच्या हाताखाली. गुरुजी पाचवीला गणित घालून सहावीकडे वळायचे, आणि सहावीचा इतिहास संपेपर्यंत पाचवीची पोरं खिडकीतून चिंचा मोजायची.

दुसरी शाळा येरवड्याची. तीही पालिकेची, मोठी, सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत. संभाजीचा वाळू-खडीचा धंदा येरवड्याच्या चौकातच होता, तेव्हा पोरीला गाडीवर नेणं-आणणं सोपं. फक्त शाळा दुपारच्या सत्रात भरायची, वर्गात साठ-पासष्ट मुलं.

आणि तिसरी अण्णांच्या घरापासून सात मिनिटांवरची, पालिकेचीच, मुलींची. प्रत्येक विषयाला वेगळी बाई, प्रयोगशाळा, वाचनालय. तिथे जागा मिळणं कठीण, पण आनंदीने चाचणी दिली होती आणि यादीत तिचं नाव लागलं होतं. अर्ज भरायला तीन जूनपर्यंत मुदत होती. एवढंच, की खराडीहून रोज जाणं-येणं नऊ वर्षांच्या पोरीला झेपणारं नव्हतं. सोमवार ते शनिवार तिने शनिवार पेठेत आजोबांकडे राहायचं.

हे शेवटचं वाक्य हेमाने अजून सासूसासऱ्यांपुढे नीट उच्चारलं नव्हतं. शाळा शाळा म्हणत ती आठवडाभर नुसती घोळवत होती. तिला स्वतःला तशाच शाळेनं घडवलं होतं, आणि आपल्या पोरीने चिंचा मोजाव्यात हे तिला मान्य नव्हतं. पण शनिवारी दुपारी येऊन सोमवारी सकाळी जाणारी पोर म्हणजे पाहुणीच की, हा विचार आला की ती विषय बदलायची. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. आई, मंदाकिनीबाई, गेल्याला चार वर्षं होत आली होती. अण्णा एकटे राहायचे. एकट्यापुरता कुकर लावायचे आणि जेवताना समोर वर्तमानपत्र उभं करायचे. आनंदीच्या चाचणीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी फोन केला, शाळेबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग म्हणाले, आतली खोली रंगवून घेतोय. या खोलीपुढे हेमाला नाही म्हणवेना.

बैठक सुरू झाली ती गेनबांपासून. त्यांचं म्हणणं साधं होतं. पुण्याच्या शाळेचं एवढं कौतुक कशाला, गाव पालिकेत गेल्यापासून आपली शाळाही पुण्याचीच. "पाटी वाचा की," ते म्हणाले, "पुणे महानगरपालिका लिवलंय. तिन्ही शाळा एकाच मालकाच्या. मग जवळची सोडून लांबची कशापायी?" सेमीबद्दल तर त्यांचं मत फारच पक्कं होतं. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, म्हणजे धड काहीच न्हाई. दूध तरी घ्यावं न्हाईतर ताक तरी.

शालू लगेच भावजयीच्या बाजूने उठली. तिला सातवीनंतर शाळेतून काढली होती, का तर पुढची शाळा लांब. हे ती दरवर्षी केकच्या वेळी एकदा तरी ऐकवायचीच. आज जरा आधीच ऐकवलं. गेनबांनी मान खाली घालून आमरसाची वाटी पुढे ओढली. संभाजी आधी बायकोच्या बाजूने होता, पण बापाचा चेहरा बघून सरकत सरकत येरवड्यावर येऊन थांबला. मधली शाळा, मधलं अंतर, कुणालाच वाईट नको. हेमाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कुरडईचा मोठा तुकडा तोंडात घातला.

श्रीधरपंत हे सगळं ऐकत होते. त्यांनी फाइल उघडून अर्ज काढला होता आणि तो आधीच अर्धा भरलेला होता. मग त्यांनी शांतपणे, अगदी कचेरीत टिपण वाचून दाखवावं तसं सांगून टाकलं, की आनंदी सोमवारी सकाळी येईल आणि शनिवारी दुपारी परत जाईल.

शालूचा घास हातातच राहिला. "म्हंजी ऱ्हायाला? रोज घरी न्हाई यायची?" आणि झालं, शालू पलटली. लांबची शाळा वेगळी आणि पोर घराबाहेर ठेवणं वेगळं, त्यापेक्षा येरवडा काय वाईट आहे, असं तिने भावाकडे बघून सांगितलं. गेनबा तर उठूनच उभे राहिले. एका क्षणात हेमा आणि तिचे वडील एका बाजूला आणि सगळं घर दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी झाली. हेमाची कानशिलं तापली. यातलं आपल्याला नक्की काय हवंय हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

तेव्हा सोजरबाई बोलल्या. इतका वेळ त्या आंब्याच्या कोयी एका ताटात गोळा करत होत्या.

"ऱ्हाऊ द्या की पोरीला," त्या म्हणाल्या. "इवाई एकलं हायेत."

एवढंच. श्रीधरपंतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. हेमाला वाटलं होतं, खोलीच्या रंगाची गोष्ट आपल्याशिवाय कुणाला कळलेली नाही. त्या दिवशी फोनवर ती 'खोली रंगवताय?' एवढंच म्हणाली होती, पण सासूला तेवढ्यावरून सगळं केव्हाचंच कळलं होतं. तिला एकदम उठून तो कोयी गोळा करणारा हात धरावासा वाटला, पण ती बसून राहिली.

गेनबा परत खाली बसले. "बरं," ते म्हणाले. "भरा कागूद."

श्रीधरपंतांनी पेनचं टोपण काढलं. सकाळीच संभाजीने मुख्याध्यापकांच्या घरून शाळा सोडल्याचा दाखला आणला होता, तो अजून बंद लिफाफ्यात होता. पंतांनी लिफाफा कडेने नीट कापला, घडी उलगडली आणि एकेक रकाना अर्जावर उतरवू लागले. नाव. आईचे नाव. धर्म, जात. मग पेन थांबलं.

त्यांनी दाखला डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. फाइलमधून दुसरा एक कागद काढला, तो महापालिकेचा जन्मदाखला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आनंदीचा जन्म पेठेतल्या सूतिकागृहातला आणि तिचा जन्मदाखला नऊ वर्षं आजोबांच्याच फाइलमध्ये. दोन्ही कागद त्यांनी शेजारीशेजारी ठेवले.

"गेनबाराव," ते म्हणाले, "आमच्या दप्तरी नातीचा जन्म अठरा नोव्हेंबर एकोणनव्वद. तुमच्या शाळेच्या दप्तरी ती साडेपाच महिने आधीच जन्मलेली आहे. एक जूनला."

हेमाने दाखला ओढून घेतला. खरंच. एक जून एकोणीसशे एकोणनव्वद, अंकी आणि अक्षरी. प्रगतिपुस्तकावरचा जन्मतारखेचा रकाना गुरुजींनी चारही वर्षं कोराच ठेवला होता, आणि तिला वाटत होतं आळशीपणा, दुसरं काय.

सगळ्यांच्या माना गेनबांकडे वळल्या. म्हातारा जागच्या जागी चुळबुळला.

"म्या सांगितली," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "त्या सालाला हेमाची आई दवाखान्यात होती. हेमा पंधरा दिस तिकडंच. पोरगी रोज दाराला धरून उभी. बाकीची पोरं शाळंत निघाली, म्हनलं हिलाबी घालू, रमंल. हेडमास्तर म्हनले वय बसत न्हाई, पुढल्या साली या. मग म्हनलं, लिवा एक जून. समदं घर त्याच तारखंचं, पोरगी एकटी कशाला येगळी काढायची?"

हेमाला ओरडायचं होतं. पण दाराला धरून उभी असलेली साडेपाच वर्षांची आनंदी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना. तिकडे दारातच उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या आनंदीचं तोंड मात्र आनंदाने उघडं पडलं होतं. नोव्हेंबरात तिच्या वाट्याला औक्षण आणि शिरा यायचा. केकच्या सुरीला हात लावायची तिला कधी परवानगी नव्हती. "म्हणजे मी पण एक जूनची?" तिने विचारलं, आणि शालूला हसू आवरेना.

संभाजीने व्यवहार सांगितला. पाचवीच्या प्रवेशाला फक्त शाळेचा दाखला लागतो, जन्मदाखला कोण मागतंय? तो फाइलमध्येच राहू द्यावा आणि अर्जावर एक जून लिहून मोकळं व्हावं. गेनबांनाही ते पटलं. आमचं चौघांचं काय अडलं, असं त्यांचं म्हणणं. आता सगळे श्रीधरपंतांकडे पाहत होते. एक तारीख लिहायची होती, तीही दाखल्यावर छापल्यासारखी असलेली. लिहिली की आनंदी सोमवारपासून त्यांच्या घरी.

हेमाला अर्ज दिसत होता. 'राहण्याचा पत्ता' या रकान्यात अण्णांनी शनिवार पेठेचा पत्ता आधीच, वळणदार अक्षरात लिहून ठेवला होता.

श्रीधरपंतांनी पेनला टोपण लावलं.

"शाळेचं रजिस्टर मुलगी शाळेत आहे तोवरच दुरुस्त होतं," ते म्हणाले. "एकदा शाळा सोडली की ती तारीख जन्मभराची. मग ब्रह्मदेव आला तरी त्याला कारकून परत पाठवतो. मी स्वतः कितीतरी ब्रह्मदेव परत पाठवलेत."

"मग एवढ्याशा तारखेनं काय होतंय, अण्णा?" संभाजीने विचारलं.

केकवरची अक्षरं उन्हाने जरा ओघळली होती, तिकडे श्रीधरपंतांनी पाहिलं.

"हेमा," ते म्हणाले, "माझा निरोपसमारंभ कधी झाला आठवतो?"

हेमाला आठवत होता. आनंदी कडेवर होती, आईने हिरवं लुगडं नेसलं होतं, हॉलमध्ये मरणाचं उकडत होतं. "मे महिन्यात. एकतीस मेला," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, हे त्यांच्याच घरात जेवताना तिने शंभरदा ऐकलं होतं. अण्णांचा वाढदिवस घरात तिथीने व्हायचा, मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. इंग्रजी तारीख तिने कधी विचारलीच नव्हती.

"अण्णा, तुम्ही पण?"

"मी पण," श्रीधरपंत म्हणाले. "वडिलांना मला शाळेत घालायची घाई होती. सहा महिने वाढवले. त्या सहा महिन्यांनी मला डिसेंबरऐवजी मेमध्ये घरी बसवलं. ऑगस्टमध्ये अधीक्षकाची जागा रिकामी झाली, माझी होती ती. माझ्यानंतरचा त्या खुर्चीवर बसला. दुसऱ्यांच्या तारखा मी अडतीस वर्षं तपासल्या आणि स्वतःची खोटी आहे हे कुणाला सांगितलं नाही. म्हणून तुमच्या केकला येत नव्हतो, गेनबाराव. तुमच्याकडे चौघं राजरोस सांगता. मला ते जमलं नाही."

गेनबांनी तोंडावरून हात फिरवला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं खरं तर, पण नंतर हसावं असं सगळ्यांनी ठरवलं असावं.

मग पंतांनी पुढचं सांगितलं, परत टिपण वाचल्यासारखं. दाखला आजचा आहे. आजच परत दिला तर रजिस्टरात 'शाळा सोडली' असा शेरा पडलेला नसेल. मुख्याध्यापक शेरा लिहायला आठवडा लावतात. मुलगी गावच्याच शाळेत पाचवीला राहील. तारखेच्या दुरुस्तीचा अर्ज ते स्वतः लिहितील, जन्मदाखल्याची नक्कल जोडून. मंजुरी घाई केली तर दिवाळीपर्यंत, नाहीतर पुढच्या जूनपर्यंत. त्यानंतर तिने कुठल्या शाळेत जायचं ते तिच्या आईने ठरवावं.

म्हणजे गेनबा जिंकले होते. पण त्यांच्या तोंडावर जिंकल्याची काहीच खूण नव्हती. पोरगी आपल्यापाशी राहिली ती आपल्या शहाणपणाने नव्हे, समोरच्या माणसाच्या खरेपणाने, हे त्यांना कळलं होतं. "इवाई," ते म्हणाले, "तुमची खोली रंगवून झाली म्हनं."

"झाली," पंत म्हणाले. "राहू दे. रंग कुठे पळत नाही."

ते ऐकलं आणि आठवडाभर नुसतं घोळत पडलेलं हेमाचं एकदाचं ठरलं. तिने वडिलांसमोरचा अर्ज उचलला, नीट घडी घातली आणि परत फाइलमध्ये ठेवला.

"आनंदी इथे राहील, एक वर्ष," ती म्हणाली. "पण एका गुरुजींवर दोन वर्ग मला चालणार नाहीत. तिला इंग्रजी आणि गणित तुम्ही शिकवायचं, अण्णा. गुरुजींनाही मदत हवीच आहे, बाकीची पोरंही बसतील. रोज ये-जा नको, सोमवार ते शनिवार इथेच राहायचं आणि रविवारी पेठेत जाऊन कुंड्यांना पाणी घालून यायचं."

आनंदीसाठी आखलेलीच व्यवस्था तिने फक्त उलटवली होती. लेकीकडे व्याह्यांच्या घरी जाऊन राहायचं, तेही आठवड्याचे सहा दिवस, ही गोष्ट श्रीधरपंतांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

"मी दुपारी एक ते चार झोपतो," ते अखेर म्हणाले.

"आमच्याकडंबी झोप मिळती," गेनबा म्हणाले. "फुकाट."

सोजरबाईंनी कोयींचं ताट उचललं आणि जाता जाता सांगितलं, की पडवीतली खोली रिकामीच आहे, रंग मात्र कुणी दिलेला नाही. त्यावर शालू हसली, मग संभाजी, आणि मग मघाचं राखून ठेवलेलं सगळं हसू एकदमच बाहेर आलं.

आनंदी तेवढी हसली नाही. ती केकपाशी जाऊन उभी होती. तिने आजोबांना विचारलं, की अर्ज लिहिला की ती परत नोव्हेंबरची होणार का.

"होणार," श्रीधरपंत म्हणाले. "पण मंजुरी येईपर्यंत सरकारी कागदोपत्री तू एक जूनचीच. आणि अर्ज मी उद्या लिहीन. आज माझा वाढदिवस आहे, आज मी काम करत नाही."

सुरीच्या मुठीवर जागा लहान आणि हात सहा. गेनबा, सोजरबाई, संभाजी, शालू, आनंदी, आणि सगळ्यांत वर, जरा संकोचून ठेवलेला, श्रीधरपंतांचा. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपला एक जून चारचौघांत साजरा केला. टाळ्या वाजवायला घरात एकटी हेमा उरली होती. तिची जन्मतारीख दिवस, वार, वेळेसकट बरोबर होती, अण्णांनीच नोंदवलेली. तिने डोळे पुसले आणि सहा जणांना पुरतील इतक्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या.